व्हिडिओ कॉलवर गप्पा मारायचे पैसे? हो का!

परवापासून सोसायटीच्या ग्रुपवर, मावशीच्या ग्रुपवर आणि कहर म्हणजे नवऱ्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर पण एकच फॉरवर्ड फिरतोय. थोडक्यात असं, की मोबाईलने पोरं बिघडली आणि आता इलाजही मोबाईलवरच, थेरपिस्ट घरबसल्या गप्पांचे पैसे घेतात, सिरियस पोराला ऑनलाईनचा उपयोग शून्य, आणि आईबापाला तर काही सांगतच नाहीत. मी नाशिकला गंगापूर रोडच्या एका खोलीत बसून हेच काम करते, 13 ते 17 वयाच्या मुलांसोबत व्हिडिओ कॉलवर इंटेन्सिव्ह थेरपी, म्हणून लिहितेय.

गप्पांचं आधी बघू. इंटेन्सिव्ह म्हणजे आठवड्यातून एकदा तासभर बोलणं नव्हे. ही पद्धत अमेरिकेतली, साधारण दिवसाला 3 तास, आठवड्यातले किमान 3 दिवस, असं कित्येक आठवडे. त्यात ग्रुप, एकट्याचं सेशन, घरच्यांसोबतचं सेशन सगळं येतं. ग्रुपमध्ये बरंचसं डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी) शिकवतो, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान बाईंची पद्धत, म्हणजे डोकं एकदम भडकलं किंवा स्वतःला इजा करावीशी वाटली तर त्या मिनिटाला नेमकं काय करायचं ते. उदाहरणार्थ गार पाण्यात तोंड बुडवून थोडा वेळ श्वास धरायचा, हृदयाचे ठोके खरंच मंदावतात (हार्टचा किंवा खाण्याचा आजार असेल तर आधी डॉक्टरांना विचारून). एकाने विचारलं, "मॅडम, माठातलं चालेल का?" चालतं की!

घरबसल्या, हो. नोट्स, पालकांचे फोन, सायकियाट्रिस्टशी बोलणं, आणि कॅमेरा बंद ठेवलेल्या पोराच्या काळ्या चौकोनाशी शांतपणे बोलत राहणं, हे पण घरबसल्याच.

आता सिरियसचं. इथे फॉरवर्ड अर्धा बरोबर आहे. जीव द्यायचं नक्की ठरवलंय आणि लक्ष ठेवायला घरात कोणी नाही, किंवा भास होताहेत, किंवा वजन धोक्याच्या खाली गेलंय, तर हॉस्पिटलच, आम्ही स्वतःच पाठवतो. पण बाकीच्यांचं काय? क्लिनिकमध्ये पोरगं केस विंचरून येतं, स्क्रीनवर अख्खं घर येतं. निफाडकडच्या एका घरात फवारणीचं औषध जिन्याखाली, पोराच्या दप्तराशेजारी ठेवलेलं मला कॅमेऱ्यातच दिसलं, क्लिनिकमध्ये कधीच कळलं नसतं. वडिलांना म्हटलं, दादा, हे आजच्या आज हलवा, कुलूप लावा, किल्ली पोराला सापडता कामा नये. ते आधी वैतागले, द्राक्षाचा सीझन आहे म्हणाले, मग रात्री कुलपाचा फोटो पाठवला. जीव द्यायची तीव्र इच्छा बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते, तेवढ्या वेळात हाताशी विष नसणं फार मोठी गोष्ट आहे. श्रीलंकेने जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली तेव्हा तिथल्या आत्महत्या खूप कमी झाल्या.

आणि प्रत्येक सेशनच्या सुरुवातीला विचारतो, आत्ता नक्की कुठे आहेस, घरात कोण आहे, कॉल तुटला तर कोणाला फोन करू. लाईट जातेच, सुरगाण्याकडे रेंजही जाते, मग साधा फोन.

मोबाईलबद्दल एवढंच, की सुरगाण्याहून नाशिकला यायचं तर एसटीत दिवस जातो आणि बापाचा रोज बुडतो. सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाईन, टेलिमानस 14416, पण फोनवरच चालते, ऑक्टोबर 2022 पासून, फुकट. तो नंबर मात्र कोणी फॉरवर्ड करत नाही.

राहिलं आईबापाचं. 18 च्या आतलं मूल, पालकांची संमती लागतेच. जिवाला धोका दिसला की त्यांना लगेच कळवतो, आणि लैंगिक अत्याचाराचं कळलं तर 2012 च्या पोक्सो कायद्याने आम्हाला रिपोर्ट करावाच लागतो, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगून टाकतो. पण तिला कोण आवडतं ते नाही सांगत, कितीही विचारलं तरी. एकीचं आणि माझं ठरलंय, आई दार ढकलून पोहे घेऊन आत आली की ती म्हणते "मॅडम, तो प्रोजेक्ट," आणि पुढची पाच मिनिटं आम्ही दोघी मान्सूनच्या वाऱ्यांबद्दल बोलतो.