रजिस्ट्री झाली, गाव कुठे झालं?

सकाळपासून डोकं फिरलंय. लिहिल्याशिवाय शांत व्हायची नाही, लांबलं तर सोसा.

एका स्नेह्यांचा फोन आला. इंदूरचेच, आपल्यातलेच. देपालपूरच्या बाजूला जमीन घेऊन बंगला बांधलाय. तक्रार काय, तर "गाववाले आपलं मानतच नाहीत हो! मंदिराला 51 हजार दिले, संगमरवरी पाटीवर नाव लागलं, तरी कोणी दारात येत नाही." अहो, येईल कसं? आठ फुटी भिंत, वर काचा, गेटवर 'कुत्ते से सावधान', आणि आत कुत्रासुद्धा नाही!

आम्ही महूच्या पुढे गावात राहायला गेलो, त्याच वैशाखात बोअरची मोटर जळली. ह्यांनी लगेच टँकरवाल्याचा नंबर शोधायला घेतला. मी म्हटलं थांबा, आणि हंडा उचलून शेजारी गेले. शेजारची बई हंड्याकडे बघून म्हणाली, "इत्ता पाणी से कई होयगो?" म्हणजे, एवढ्याशा पाण्यानं काय होणार? तासाभरात तिच्या मुलानं विहिरीवरून काळा पाइप ओढून, कुंपणातून घालून आमच्या टाकीत सोडला. पाइपला जागोजागी सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळलेल्या, तिथून बारीक फवारे उडत होते आणि गल्लीतली पोरं त्यात नाचत होती.

देणगीचं काय, पावती फाडली की हिशोब मिटला. पाण्याचा हिशोब कसा मिटवणार? आम्ही त्या घराचे देणेकरी झालो, आणि देणेकऱ्याला तोंड चुकवून चालत नाही. जाणं-येणं सुरू झालं ते तिथून. टँकर आला असता तर पाणी त्याच दिवशी मिळालं असतं, आणि आम्ही आजही 'इंदोरवाले' राहिलो असतो.

हो, मान्य, आमचं आडनाव कुठे आड आलं नाही. ज्यांना दुसऱ्याच्या विहिरीवर जाऊच दिलं जात नव्हतं, त्यांना हे शिकवायचं तोंड मला नाही.

पण हे स्नेही काही त्यातले नव्हेत. मागे पाऊस लांबला तेव्हा त्यांच्या गावानं उज्जैनी केली. माळव्यात राहून ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते: सगळं गाव घराबाहेर पडतं, शिवारात चुली मांडतं, दाळ-बाटी करतं, इंद्राला नैवेद्य दाखवतं. स्नेह्यांना बोलावणं आलं होतं! त्यांनी काय केलं? "मीटिंग आहे" म्हणून कळवलं आणि पाण्याच्या बाटल्यांचे दोन बॉक्स पाठवले. पावसासाठी निघालेल्या गावाला बाटल्या! अहो, बाटीसाठी कंडे, म्हणजे गोवऱ्या, रचायला बसायचं होतं. डोळ्यांत धूर गेला असता, एवढंच.

आणि आपण कोण मोठे इथले? होळकरांच्या मागोमाग आपले पूर्वज माळव्यात आले, तेव्हा तेही परकेच होते. अहिल्याबाईंनी महेश्वरात विणकर आणून वसवले, आणि आज त्या साडीच्या काठावर किल्ल्याच्या दगडातली नक्षी आहे. आपण मात्र शेत घेतलं की आधी त्यातून जाणारी वाट बंद करतो. पटवाऱ्याच्या नकाशात नाही ना, मग संपलं! पेरणीच्या दिवसांत ट्रॅक्टर काय उडून जाणार?

जाऊ दे. माणूस वाईट नाही. आयुष्यभर कुणाकडे हात पसरायचा नाही असं शिकवून वाढवलेली आपली पिढी.

त्या पाइपचं पुढचं सांगते. हिवाळ्यात बईच्या घरी लग्न निघालं. एका संध्याकाळी आमच्या जिन्यात धपाधप आवाज, बघते तर पोरं गाद्या घेऊन गच्चीवर चाललेली. पाहुणे आमच्याकडे झोपणार, हे आम्हाला कोणी विचारलंच नव्हतं! ह्यांच्या कपाळावर आठी. मी चहाचं आधण वाढवलं. टँकर मागवणाऱ्याच्या गच्चीवर कोणी न विचारता गाद्या टाकल्या असत्या का?

प्रायव्हसी राहत नाही, खरंय. आमच्याकडे कोण आलं, किती दिवस राहिलं, भाजी काय केली, गल्लीला आमच्या आधी कळतं. कधी कधी वैताग येतो.

तर मंडळी, ह्या रविवारी ज्यांना यायचं त्यांनी या, पण मिठाईचे डबे आणू नका. बईचा लसूण निघालाय, अंगणात ढीग पडलाय, दांड्या कापायला हात कमी पडताहेत. जुने कपडे घालून या, वास आठवडाभर जात नाही.