मालकाचा फोन आणि रात्रपाळीचा डेस्क

मोठ्या माध्यम कंपनीत नोकरी म्हणजे काय, हे सांगणारा एक मजकूर सध्या या फोनवरून त्या फोनवर फिरतो आहे. थोडक्यात असा : वरून मालकाचा फोन येतो आणि बातमी ठरते, खालचे नुसते टाइप करतात. म्हणूनच सगळीकडे शब्द न् शब्द सारखा असतो. तपासत कुणीच नाही. चूक झाली की गपचूप पुसतात. क्लिक मिळाले की बाकी कशाशी देणंघेणं नसतं. आणि पगार मात्र गलेलठ्ठ. यातला एकही मुद्दा शंभर टक्के खोटा नाही, पंचाईत तिथेच आहे. बोट रोगाकडे आहे, पण जागा चुकली आहे.

‘वरून फोन येतो आणि बातमी ठरते.’

मोठ्या दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे मजकूर निवडून, तपासून पानात लावणाऱ्या विभागात, दिवसभरात शेकड्यांनी मजकूर येऊन पडतो. बातमीदारांच्या कॉप्या (लिहून दिलेल्या बातम्या), एजन्सीच्या, म्हणजे वृत्तसंस्थांच्या फाइल्स, प्रसिद्धिपत्रकं, फोटो. त्यातला बहुतेक टाकून दिला जातो. काय ठेवायचं हे बैठकीत ठरतं, आणि ते ठरवताना समोर डमी असते, म्हणजे जाहिराती आधीच आखून आलेलं पान. जाहिराती आधी बसतात, उरलेल्या जागेत बातम्या. रात्री नऊला अर्ध्या पानाची जाहिरात आली की ४०० शब्दांची कॉपी दीडशेवर आणावी लागते. कात्री लागते ती खालून, कारण कमी महत्त्वाचं ते तळाला, या हिशेबानेच बातमी रचलेली असते. आता ज्याच्यावर आरोप आहेत त्याचं म्हणणं बहुतेक वेळा शेवटच्या परिच्छेदात असतं. नेमकं तेच उडतं. सकाळी वाचणाऱ्याला वाटतं, कुणीतरी फोन करून गाळायला लावलं. प्रत्यक्षात घाईत असलेल्या उपसंपादकाने जागा केलेली असते. म्हणून जाणता बातमीदार समोरच्याचा खुलासा दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदातच बसवतो.

मालक हात घालतच नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. मार्च २०१८मध्ये अमेरिकेतल्या सिंक्लेअर ब्रॉडकास्ट ग्रुपच्या स्थानिक टीव्ही केंद्रांवरचे वृत्तनिवेदक एकच निवेदन वाचताना दिसले. ‘डेडस्पिन’ या वेबसाइटने त्या सगळ्यांचे तुकडे एकत्र जोडल्यावर ते जगभर पाहिलं गेलं. असा मजकूर केंद्रांना दाखवावाच लागतो, आणि तिथे त्याला ‘मस्ट-रन’ म्हणतात. पण ते उघडं पडलं कशामुळे? हुकूम लेखी होता, तयार मजकुरासह पाठवलेला होता. नेहमीचा दबाव इतका ढोबळ नसतो. संपादक म्हणून कुणाला नेमलं, न्यायालयाचा बातमीदार सोडून गेल्यावर त्याची जागा भरली की गोठवली, शोधपत्रकारितेच्या गटाला महिनाभर मोकळीक दिली की रोज दोन कॉप्या मागितल्या, यात तो असतो. ज्या बीटवर, म्हणजे ठरवून दिलेल्या विषयावर, माणूसच नाही तिथली बातमी दाबायला फोन कशाला लागतो? मालकाला गाठायचंच असेल तर त्याच्या फोनची नोंद शोधू नका, मनुष्यबळाचा तक्ता मागा.

‘सगळीकडे शब्द न् शब्द सारखा.’

सारखा असतो, कारण तो एकाच ठिकाणाहून विकत घेतलेला असतो. असोसिएटेड प्रेस (एपी) १८४६पासून आणि रॉयटर्स १८५१पासून हाच धंदा करतात. फ्रान्सच्या एएफपीचं मूळ १८३५च्या हावास एजन्सीत आहे. दूरच्या भूकंपाला प्रत्येक पेपर आपला माणूस पाठवू शकत नाही, म्हणून वर्गणी भरून एजन्सीची कॉपी घेतात. ती एकदम पूर्ण येत नाही. आधी एका ओळीचा अलर्ट, मग दोन-तीन परिच्छेद, मग भर घालत सुधारलेल्या आवृत्त्या. गोंधळ इथे होतो : डेस्कने दुसरी आवृत्ती पानात लावली, चौथ्या आवृत्तीत मृतांचा आकडा कमी झाला, आणि तोवर पान छपाईला गेलेलं असतं. दोन पेपरांत आकडे वेगळे दिसले की लोक लपवाछपवी म्हणतात, आणि सारखे दिसले की संगनमत. डेस्कवाल्याने करायचं तरी काय?

एजन्सीवर विसंबण्याचा धोका खरा आहे, पण त्यावर उताराही आहे. १० मार्च २०२४ रोजी केन्सिंग्टन राजवाड्याने वेल्सच्या राजकन्येचा, म्हणजे केट मिडलटन यांचा, मुलांसोबतचा फोटो प्रसिद्ध केला. त्याच दिवशी एपी, रॉयटर्स, एएफपी आणि फोटो पुरवणारी गेटी यांनी तो मागे घेतला. मुलीच्या स्वेटरची बाही मनगटापाशी जुळत नव्हती, फोटोत फेरफार झाल्याची ती खूण होती. अशा वेळी एजन्सी ‘किल’ची सूचना पाठवते : हा फोटो वापरू नका, संग्रहातूनही काढा. सूचना एका ओळीची, पण तिच्यामागे डेस्कला तासभर पळावं लागतं. वेबसाइट, ॲप, रात्रीची पानं, उद्या सकाळी आपोआप जाणारं न्यूजलेटर, मजकूर पुरवलेले भागीदार, सगळीकडे बघावं लागतं. सुटतो तो नेमका कुणीतरी कापून वेगळ्या नावाने सेव्ह केलेला फोटो. फाइलचं मूळ नाव बदलू नका, असं नव्या माणसाच्या मागे लागून सांगतात ते याचसाठी.

‘तपासत कुणीच नाही.’

एका कॉपीवरून सहसा तिघांची नजर फिरते : बातमीदार, उपसंपादक, मुख्य उपसंपादक. बदनामीचा दावा होईल असं वाटलं तर वकील चौथा. उपसंपादक काय बघतो? टक्क्यांची बेरीज शंभर होते का. तारीख आणि वार जुळतात का. एकच आडनाव दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी लिहिलंय का. फोटोओळीतला ‘डावीकडून’चा क्रम बरोबर आहे का. इतकं बघूनही घाण होते ती मथळ्यात. मथळा बहुधा बातमीदार लिहीत नाही, तो डेस्कवर लिहिला जातो, आणि दोन कॉलमांच्या ओळीत जेमतेम अठरा-वीस अक्षरं मावतात. ‘कथित’ किंवा ‘आरोप’ हा शब्द बसत नाही म्हणून गळतो. आत सावधपणे लिहिलेली बातमी बाहेर निकाल लावून मोकळी होते. शिव्या मात्र बायलाइनवाल्याला, म्हणजे बातमीवर ज्याचं नाव छापलंय त्याला.

दुसरं कारण घाई. २८ जून २०१२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आरोग्यविमा कायद्यावर निकाल दिला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांच्या निकालपत्रात आधी म्हटलं होतं की विमा सक्तीचा करण्याची तरतूद व्यापार नियमनाच्या अधिकारात बसत नाही. सीएनएन आणि फॉक्स या वाहिन्यांनी तिथेच उडी मारली आणि ‘तरतूद रद्द’ अशी पट्टी चालवली. निकालपत्रात पुढे लिहिलं होतं की कर लावण्याच्या अधिकाराखाली ती वैध आहे. ज्यांनी पुढे वाचलं त्यांचं बरोबर आलं. तपासणारी माणसं सगळ्यांकडेच होती, थांबायची मुभा नव्हती. निकालाच्या दिवशी एकाने नुसतं शेवटचं पान, म्हणजे अंतिम आदेश वाचायचा, दुसऱ्याने सुरुवातीपासून, आणि दोघांचं जुळल्याशिवाय पट्टी सोडायची नाही. उपाय एवढाच, पण त्यात दोन मिनिटं जातात. तेवढ्यात समोरची वाहिनी पुढे गेलेली असते आणि कंट्रोल रूममधला प्रत्येक जण भिंतीवरच्या तिच्या स्क्रीनकडे बघत असतो.

तिसरी गोष्ट अधिक टोचणारी. ‘डेर श्पीगल’ या जर्मन साप्ताहिकाचा तथ्यतपासणी विभाग पत्रकारितेत नावाजलेला. तरीही तिथल्या क्लास रेलोटियस या बातमीदाराने वर्षानुवर्षं कल्पित माणसं आणि प्रसंग लिहिले, आणि डिसेंबर २०१८मध्ये ते उघड झालं. पकडलं ते त्याच्यासोबत एका बातमीवर काम करणाऱ्या हुआन मोरेनोने, तेही स्वतः त्या लोकांना जाऊन भेटून. सुरुवातीला वरिष्ठांनी त्याचं ऐकलंही नव्हतं. तपासणी विभाग शहराची लोकसंख्या पडताळतो, रस्त्याचं नाव पडताळतो, पण बातमीदार एकटा असताना त्याला कोण काय बोललं हे कशावरून पडताळणार? रेकॉर्डिंग, तारखा, भेटलेल्या माणसाचा फोन नंबर हे कॉपीसोबत मागितलं तरच. मागायला संकोच वाटतो, विशेषतः पुरस्कार मिळवलेल्या माणसाकडे.

‘चूक गपचूप पुसतात.’

वेबवर हे होतं, आणि त्याचा बचाव करण्यासारखं काही नाही. पण पुसणं वाटतं तितकं सोपंही नाही. मजकूर ज्या प्रणालीत चढवतात ती साधारणपणे प्रत्येक बदलाची नोंद ठेवते : कुणी, किती वाजता, काय बदललं. मथळा बदलला तरी पुष्कळदा लिंकमध्ये जुना मथळा तसाच राहतो. मोबाइलवर गेलेलं नोटिफिकेशन तर परत बोलावताच येत नाही. म्हणून तळाशी ‘आधीच्या आवृत्तीत अमुक चूक होती’ असं लिहिणं प्रामाणिकपणाचं आहेच, शिवाय शहाणपणाचंही. फार मोठी चूक असेल तर मोठ्या संस्था जाहीर धुणंही धुतात. आपलाच बातमीदार जेसन ब्लेअर याच्या बनावट बातम्यांचा पंचनामा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने ११ मे २००३ रोजी स्वतःच्याच पहिल्या पानावर छापला. पुढच्या महिन्यात कार्यकारी संपादक हॉवेल रेन्स पायउतार झाले.

‘क्लिकसाठी काहीही.’

हा मुद्दा सगळ्यात कमी चुकीचा, आणि पहिल्या मुद्द्याला कापणारा. ठरवणारा फोन नसून भिंतीवरचा डॅशबोर्ड आहे : कुठल्या बातमीवर या क्षणी किती वाचक आहेत, ते किती सेकंद थांबले. हा आकडा तरी धड असतो का? सप्टेंबर २०१६मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ ते फुगवून दाखवत होते. मेख भागाकारात होती. समजा व्हिडिओ १०० जणांपुढे आला आणि सगळ्यांनी मिळून तो ६०० सेकंद पाहिला. सरासरी ६ सेकंद. पण त्यातले ४० जण तीन सेकंदांच्या आतच पुढे सरकले होते, त्यांना मोजलंच नाही. ६००ला ६०ने भागलं, आले १० सेकंद. असा आकडा बघून व्यवस्थापनाला वाटतं की लोकांना वाचायचं नाही, बघायचं आहे. चूक जाहीर झाल्यावरही वारं बदललं नाही. २०१७मध्ये एमटीव्ही न्यूज आणि मिक या संस्थांनी व्हिडिओकडे वळायचं म्हणून लिहिणारी माणसं कमी केली. कुणी कटकारस्थान केलं नव्हतं, आलेख वर जात होता एवढंच.

‘पगार गलेलठ्ठ.’

पडद्यावरच्या चार चेहऱ्यांचा. त्याच कंपनीत दर बातमीमागे मानधन मिळणारा स्ट्रिंगर असतो, आणि अकरा महिन्यांच्या करारावर आलेला कॉपी एडिटर असतो. रात्रपाळी, सणासुदीची ड्यूटी, पाळी संपताना मोठी घटना घडली तर आणखी चार तास, हे सगळं त्याच पगारात. कंपनी मोठी म्हणजे नोकरी पक्की, हेही खरं नाही. सीएनएनची ‘सीएनएन प्लस’ सेवा २९ मार्च २०२२ला सुरू झाली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मालक कंपनीचं विलीनीकरण पूर्ण झालं आणि २८ एप्रिलला सेवा बंद. महिनाभरात गाशा गुंडाळला. डिस्नेने फेब्रुवारी २०२३मध्ये ७,००० जागा कमी करण्याची घोषणा केली. छोट्या पेपरात वर्गणीदार घटले की आधी कळतं, इथे निर्णय ताळेबंदावर होतो आणि तुमच्या कामाचा त्याच्याशी संबंध असेलच असं नाही.

तेव्हा रुजू होताना मालक कोण हे विचारण्याआधी करारातलं एक कलम वाचा : बातमीवरून मानहानीचा दावा झाला तर वकिलाचा खर्च कोण करणार, आणि नोकरी सोडल्यानंतर दावा आला तर? मोठी कंपनी कर्मचाऱ्याच्या मागे सहसा उभी राहते. मुक्त लेखकाच्या करारात मात्र पुष्कळदा नेमकं उलटं छापलेलं असतं, की कंपनीला भुर्दंड पडला तर तो लेखकाने भरून द्यायचा. त्यावर बोलणी करता येतात, आणि सहीपूर्वी केली तरच. दुसरं, मुलाखतींच्या नोंदी आणि रेकॉर्डिंग यांवर हक्क कुणाचा आणि ते किती वर्षं ठेवायचे हे लेखी घ्या. कराराची प्रत कंपनीच्या इमेलवर ठेवू नका. कपातीच्या दिवशी ते खातं बहुधा तुम्ही खुर्चीतून उठण्याआधीच बंद झालेलं असतं.