मूल लिहीत नाही म्हणून करिक्युलम शोधताय?

आज सकाळी एका मैत्रिणीचा फोन आला आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. तिचा मुलगा नऊ वर्षांचा. त्याला शाळेतून काढून घरी शिकवायला लागून फार दिवस झालेले नाहीत. बाकी सगळं उत्तम चाललंय. गणित करतो, पुस्तकात डोकं घालून तासन्‌तास बसतो, प्रश्न विचारून भंडावून सोडतो. फक्त लिहायची वही समोर आली की टेबलाखाली जाऊन बसतो. अक्षरशः टेबलाखाली. म्हणून तिनं एका अनुभवी बाईंना विचारलं, याच्यासाठी लेखनाचा कोणता करिक्युलम, म्हणजे तयार अभ्यासक्रम, घेऊ? त्या म्हणाल्या, "कुठलाही घे गं. रोज एक पान लिहून घ्यायचं, रडला तरी. आळस आहे तो, मोडूनच काढावा लागतो."

मोडूनच काढावा लागतो!

आपण मुलांना घरी का शिकवतो हे इथं कुणाला समजावून सांगायची गरज नाही. पण त्या बाईंचं हे वाक्य ऐकून माझी मैत्रीण फोनवर रडत होती, आणि तिला वाटत होतं की आपणच कुठेतरी लाडावून ठेवलंय पोराला. याचा मला जास्त राग आला.

आमच्या धाकटीची मुंग्यांची गोष्ट काही जणांना माहीत आहे, तरी परत सांगते. एकदा तिला भिंतीवर मुंग्या मेलेलं झुरळ ओढून नेताना दिसल्या. ती तिथंच मांडी घालून बसली. मग आत येऊन जे सांगायला सुरुवात केली, ते थांबेचना. कुठल्या बाजूनं किती मुंग्या, झुरळाचा पाय खिळ्याला कसा अडकला, सगळं ओझं खाली पडल्यावर त्या क्षणभर कशा गोंधळल्या. आणि मग म्हणाली, "एक मुंगी उलटीच ओढत होती. तिला कळतच नव्हतं की बाकीच्या सगळ्या दुसरीकडे चालल्यात." मी थक्क झाले. आठ वर्षांचं मूल हे बघतं आणि अशा शब्दांत सांगतं.

हेच तिनं वहीत लिहिलं तेव्हा काय लिहिलं? "मुंग्या झुरळ नेत होत्या." संपलं. त्यातही 'मुंग्या'तला 'ग्या' दोनदा खोडलेला, तिसऱ्यांदा खोडताना कागद फाटलेला. पेन्सिल इतकी घट्ट धरलेली की अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं. शिरोरेघ मारून झाली आणि तिनं वही माझ्याकडे सरकवली.

आता मला सांगा, हा आळस आहे?

लिहिणं हे एक काम नाही हो, दोन कामं आहेत. डोक्यातल्या धूसर चित्राचं वाक्य करायचं, हे एक. आणि ते वाक्य कागदावर उतरवायचं, हे दुसरं. मोठ्यांचा हात आपोआप चालतो म्हणून आपल्याला ही दोन कामं वेगळी जाणवतच नाहीत. लहान मुलाला मात्र वेलांटी पहिली की दुसरी, रफार कुठल्या अक्षरावर, 'ळ' कुठून सुरू करायचा हे प्रत्येक वेळी आठवावं लागतं. तेवढ्यात वाक्याचं शेपूट हातातून निसटतं. मग मूल काय करतं? जेवढं हाताला झेपेल तेवढंच छोटं वाक्य बोलायला लागतं. आणि आपण म्हणतो, याच्याकडे कल्पनाच नाहीत.

म्हणून करिक्युलम निवडायच्या आधी एकच गोष्ट बघा. मूल सांगू शकतं का? एखादी गोष्ट वाचून दाखवा, पुस्तक मिटा, आणि काय झालं ते सांग म्हणा. घडाघडा सांगत असेल आणि कागद कोरा राहत असेल, तर अडचण हाताची आणि शुद्धलेखनाची आहे. सांगतानाही अडखळत असेल, तर मोठमोठ्या निबंधांचे विषय देणारं पुस्तक आणून काहीही होणार नाही, आधी ऐकून सांगण्याची सवय हवी. ही दोन मुलं वेगळी आहेत. दोघांना एकच वही देऊन चालत नाही.

यात नवीन काहीच नाही. शार्लट मेसन (1842–1923) या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंनी सगळी पद्धतच यावर उभी केली होती. उतारा एकदाच वाचायचा, मग मुलानं तो आपल्या शब्दांत सांगायचा. सांगत असताना मध्ये टोकायचं नाही, चुका काढायच्या नाहीत. हे सुरू करायचं सहाव्या वर्षाच्या सुमारास, आणि ते स्वतः लिहून काढायची अपेक्षा साधारण नऊ-दहा वर्षांनंतरची. म्हणजे मैत्रिणीच्या मुलाची आत्ता कुठे वेळ होतेय! आणि त्याला आळशी ठरवून मोकळे झाले लोक.

आता नावं घेऊनच बोलते, कारण शेवटी प्रत्येकाला ऑर्डर काय करायचं तेच हवं असतं.

मला स्वतःला सुझन वाइज बाउअर यांचं 'रायटिंग विथ ईज' सगळ्यात पटलं. त्याची मांडणीच या दोन कामांच्या फरकावर आहे. पहिल्या पातळीत मूल फक्त एखादं चांगलं वाक्य बघून लिहितं, आणि वाचून दाखवलेल्या उताऱ्याबद्दल पूर्ण वाक्यात बोलतं. ते बोलणं लिहून घ्यायचं काम मोठ्यांचं. पुढच्या पातळीत श्रुतलेखन येतं. मग हळूहळू ती दोन कामं एकत्र आणली जातात. धडे इतके छोटे की मुलाला टेबलाखाली जायला वेळच मिळत नाही. काहींना हे फार कोरडं वाटतं, आणि आहे थोडं कोरडं. स्वतःची गोष्ट रचायला त्यात फारशी जागा नाही. पण कागदाला घाबरलेल्या मुलाला 'तुला हवं ते लिही' हे ऐकून सगळ्यात जास्त धडकी भरते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

ज्युली बोगार्ट यांचा 'ब्रेव्ह रायटर' अगदी दुसऱ्या टोकाचा. तिथं मुलाच्या स्वतःच्या आवाजाला पहिलं स्थान. त्यांचा लहान मुलांसाठीचा एक भागच असा आहे की मूल बोलेल आणि आई-बाबा टिपून घेतील. जरा मोठ्या मुलांसाठी मुक्तलेखन आहे, म्हणजे ठरलेली काही मिनिटं पेन्सिल न थांबवता लिहायचं, चुकांकडे बघायचं नाही. हे तंत्र लेखन शिकवणाऱ्या पीटर एल्बो यांनी 1973 साली मोठ्या माणसांसाठी मांडलं होतं आणि मोठ्यांना अजूनही उपयोगी पडतं. पण ज्याचा हातच चालत नाही त्याला घड्याळ लावून लिहायला बसवू नका, प्लीज. तो करिक्युलम आईकडूनही बरंच मागतो. ज्यांना रोज काय करायचं ते कुणीतरी ठरवून दिलेलं हवं असतं, त्या आया त्यात हरवतात.

आणि तिसरं, ज्यावर आमच्यात नेहमी वाद होतो, ते अँड्र्यू पुडेवा यांच्या 'इन्स्टिट्यूट फॉर एक्सलन्स इन रायटिंग'चं साहित्य. यात एक छोटा उतारा देतात, प्रत्येक वाक्यातून जास्तीत जास्त तीन महत्त्वाचे शब्द काढायचे, मूळ उतारा बाजूला ठेवायचा आणि त्या शब्दांवरून परत वाक्यं करायची. बेंजामिन फ्रँकलिन पोरवयात जवळपास हेच करून लिहायला शिकला. 'स्पेक्टेटर' या इंग्रजी नियतकालिकातल्या लेखांची त्रोटक टिपणं काढायचा, काही दिवस जाऊ द्यायचा, मग आपल्या शब्दांत लेख उभा करून मूळ लेखाशी ताडून बघायचा. पद्धत उत्तम आहे. 'काय लिहू?' हा प्रश्नच उरत नाही. पण नंतर येते ती चेकलिस्ट. प्रत्येक परिच्छेदात एक असं क्रियाविशेषण हवं, एक असं जोडवाक्य हवं, एक ठसठशीत क्रियापद हवं. काही मुलांना हे खूण करत जाणं आवडतं, मान्य. त्यांच्या आया शपथेवर सांगतात. माझं मत विचाराल तर त्यातून पुष्कळ वेळा अशी वाक्यं तयार होतात जी कुठलंही मूल आपणहून बोलणार नाही. 'मुंगी अत्यंत धैर्यानं झुरळ ओढत होती.' अरे, कशाला? 'उलटीच ओढत होती' यात सगळं नव्हतं आलं का?

आणि मराठीत शिकवणाऱ्यांनी एक ध्यानात घ्या. ही सगळी पुस्तकं इंग्रजीत लिहिणाऱ्या मुलांसाठी आहेत. त्यातली पद्धत घ्या, पानं नका घेऊ. 'एलवाय'नं (-ly) संपणारी इंग्रजी क्रियाविशेषणं शोधायचा सराव मराठीत काय कामाचा? त्याऐवजी आपल्या भाषेतला चार ओळींचा सुंदर उतारा निवडा, वाचून दाखवा, मुलाला सांगू द्या, त्यातलं एकच वाक्य बघून लिहू द्या. हेच करिक्युलम झालं.

मुलाचं आपण लिहून घ्यायचं म्हटलं की लोकांच्या कपाळावर आठ्या पडतात. "मग त्याला सवय कशी लागणार? ही तर फसवणूक झाली." फसवणूक? शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरांनी ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलोय. ती ज्ञानेश्वरांची नाही असं कुणी म्हटलंय का आजवर? शब्द ज्याचे, लेखन त्याचं. हात कुणाचा होता हा प्रश्न नंतरचा.

मुंग्यांचं पुढं काय झालं ते सांगते. मी ते सगळं तिच्या शब्दांत, एक अक्षर न बदलता टाइप केलं आणि कागद तिच्या हातात दिला. तिनं वाचलं. परत वाचलं. मग म्हणाली, "आई, इथं 'मोठं झुरळ' नको. मोठं म्हणजे केवढं ते कळत नाही. 'त्यांच्यापेक्षा कितीतरी मोठं' असं कर." आणि ती उलट ओढणारी मुंगी मध्येच आली होती, तिला म्हणाली शेवटी ने, म्हणजे वाचणारा तिच्यापाशी थांबेल. याला संपादन म्हणतात! मोठमोठ्या लेखकांना हे जमायला वर्षं जातात. वहीत 'मुंग्या झुरळ नेत होत्या' एवढंच राहिलं असतं, तर तिच्या हाताशी सुधारायला होतं तरी काय? फक्त तो 'ग्या'.

लाल पेनाबद्दल तर बोलायलाच नको. मूल धीर करून चार ओळी लिहितं आणि आपण पहिली वेलांटी बघतो. मुलानं सांगितलेलं वाचायचं सोडून अक्षरं तपासत बसायचं, याइतका मोठा अपमान दुसरा नाही. मोठ्या माणसाचं पत्र आलं तर आपण असं करू का? शुद्धलेखन शिकवू नका असं मी म्हणत नाहीये. श्रुतलेखनाच्या वेळी शिकवा, बघून लिहिताना शिकवा, तिथं एकही चूक सोडू नका हवं तर. पण मूल मुंग्यांबद्दल सांगत असेल तेव्हा मुंग्यांबद्दलच बोला.

आणि हो, हाताला वळण लावावं लागतंच, ते काही आपोआप होत नाही. पण ते वेगळं, थोडा वेळ, रोज, डोक्यावर दुसरं कुठलंही ओझं नसताना. जॅन ओल्सेन या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (लिहिण्यासारखी रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या) बाईंचा स्वतःचा मुलगा अक्षरं काढताना रडायचा, म्हणून त्यांनी एक पद्धत काढली, आणि तिचं नावच इंग्रजीत 'विनाअश्रू हस्ताक्षर' असं आहे. ते पाहून मला फार बरं वाटलं होतं. कुणा आईनं रडणाऱ्या मुलाकडे बघून 'मोडून काढू' न म्हणता 'काय दुखतंय' असं विचारलं होतं.

खरोखर दुखत असतं कधीकधी. बोटं दुखतात, हात लवकर थकतो, सराव करूनही अक्षरं ओळीवर बसत नाहीत, एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे लिहिला जातो, आणि तेच मूल तोंडी मात्र हुशारीनं बोलतं. असं दिसलं तर डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातली खरीखुरी शिकण्याची अडचण, असू शकतो. तेव्हा करिक्युलम बदलत बसू नका, ऑक्युपेशनल थेरपिस्टकडून तपासून घ्या. अशा मुलाला रडवून रोज पान लिहून घेणं म्हणजे काय, हे त्या अनुभवी बाईंनी एकदा शांतपणे विचार करून बघावं.

त्यांच्यावर फार चिडले मी, लिहिताना जाणवतंय. त्यांची मुलं शिकली, चांगली झाली, त्यांचा हेतूही वाईट नसेल. पण सल्ला चुकीचाच आहे, आणि तो ऐकून नऊ वर्षांचं एक पोर टेबलाखाली बसलंय.

मैत्रिणीला मी एवढंच सांगितलं की या महिन्यात काही विकत घेऊ नकोस. त्याला रात्री वाचून दाखव, तो सांगेल ते त्याच्या समोर बसून लिही, सकाळी त्याला वाचायला दे. वाटल्यास त्यातलं त्याच्या आवडीचं एक वाक्य तो बघून लिहील, नाहीतर नाही. टेबलाखाली बसून सांगत असेल तर तूही खाली बस. जमायला लागलं की बाउअरबाईंची पहिली पातळी बघू. नऊ वर्षांच्या मुलाला ती लहान वाटेल, म्हणून उतारे त्याच्या वयाचे घ्यायचे. तो अंतराळ, यंत्रं, खोल समुद्रातले प्राणी यांवर तासन्‌तास बोलतो. या विषयांवरचे मराठीतले पाच-सहा ओळींचे, वाक्यं स्वच्छ असलेले उतारे कुणाकडे काढून ठेवलेले असतील तर मला पाठवा. आज रात्री तिला पहिला द्यायचा आहे.