रिग्रेशन केलं म्हणून कारण सापडत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया मनापासून लिहिलेली आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतोय. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. या ताई नवी मुंबईत कोपरखैरण्याला शिकवतात आणि एम.एड.चा प्रबंध करतायत. नववीच्या 200 मुलांकडून त्यांनी प्रश्नावली भरून घेतली, रोजचा मोबाईलचा वेळ आणि सहामाहीचे गुण यांचं रिग्रेशन केलं, म्हणजे एकावरून दुसऱ्याचा अंदाज देणारी रेषा बसवली. अशा सर्वेक्षणातून कारण सिद्ध होत नाही, असं मी मागे लिहिलं होतं. त्यावर त्या म्हणतात, "मी नुसता सहसंबंध काढलेला नाही. रिग्रेशनमध्ये स्वाश्रयी चल (ज्यावरून अंदाज बांधायचा तो) आणि आश्रयी चल (ज्याचा अंदाज बांधायचा तो) ठरलेले असतात. निकालही सिग्निफिकंट (सार्थ, म्हणजे निव्वळ योगायोग वाटू नये असा) आहे. तुम्ही नव्या संशोधकांना नाउमेद करताय."

ताई, कोणता चल स्वाश्रयी हे एसपीएसएसला, म्हणजे आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरला, तुम्हीच सांगितलंत. आता दोघांची अदलाबदल करून बघा. रेषेचा उतार बदलेल, पण प्रमाणित बीटा (एककं काढून मोजलेला उतार) तोच येईल, आणि ज्यांवरून सार्थता ठरते ते टी आणि पी-मूल्यही तेच येईल. मग कमी गुणांमुळे मोबाईल वाढतो, असं लिहायचं का? (तसं घडतही असेल. वर्गात मागे पडलेलं पोर फोनमध्ये रमतंच.)

रिग्रेशन हे नाव ज्याच्यामुळे रूढ झालं, त्या ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टनच्या 1886 च्या आकडेवारीतही हेच दिसतं. 205 जोडपी आणि त्यांची 928 प्रौढ मुलं. उंच आईबापांची मुलं उंच निघाली, पण सरासरीने आईबापांइतकी नाही. आणि उलट बघितलं तर उंच मुलांचे आईबापही मुलांइतके उंच नव्हते. रेषा दोन्ही बाजूंनी बसते, पण मुलांमुळे बापाची उंची ठरली असं कोणी म्हणणार नाही. ते आपल्याला जगाच्या अनुभवावरून कळतं, रेषेवरून नाही.

सिग्निफिकंटचं म्हणाल, तर 200 च्या नमुन्यात सहसंबंध (0 म्हणजे काहीच नाही, 1 म्हणजे पूर्ण) 0.14 असला तरी तो 0.05 स्तरावर सार्थ ठरतो. 0.14 चा वर्ग जेमतेम 0.02, म्हणजे गुणांतल्या फरकापैकी दोन टक्केच. तुमचा आर-स्क्वेअर (म्हणजे हाच वर्ग) प्रतिक्रियेत नव्हता, तो आधी बघा.

खरी अडचण आराखड्याची आहे. ऐरोली-घणसोलीतल्या कितीतरी घरांतून आईवडील दोघंही सकाळी ट्रान्सहार्बर लोकल पकडतात आणि रात्री परततात. संपर्कासाठी मुलाच्या हाती फोन असतो आणि अभ्यासाला बसवणारं घरात कोणी नसतं. मोबाईलचे तास आणि कमी गुण, दोन्ही त्या रिकाम्या घरातून येत असतील. तुमच्या प्रश्नावलीत हा प्रश्नच नाही, आणि जे मोजलंच नाही ते मॉडेलमध्ये घालता येत नाही.

पण म्हणून सहसंबंधात्मक संशोधन कमअस्सल ठरत नाही, हे मला तुम्हाला अगदी कळकळीने सांगायचंय. माणसांना मुद्दाम सिगारेट ओढायला लावून प्रयोग करता येत नव्हता. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी 1950 मध्ये फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांची इतर रुग्णांशी तुलना केली, आणि 1951 पासून ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी नोंदवून पुढे वर्षानुवर्षं त्यांचा मागोवा घेतला. आधी सवय, नंतर आजार हा क्रम दिसला, जास्त ओढणाऱ्यांना धोका जास्त दिसला, सोडणाऱ्यांचा कमी होताना दिसला. फिशरसारख्या दिग्गज संख्याशास्त्रज्ञाने, सवय आणि आजार दोन्ही आनुवंशिकतेतून येत असतील, असा आक्षेप घेतला, तरी पुरावा साचत गेला.

तुम्हालाही याच मुलांचे वार्षिक गुण मिळतील. सहामाहीचे गुण नियंत्रणात ठेवून (म्हणजे ते सारखे धरून), तेव्हाच्या मोबाईल-वेळेवरून वार्षिक गुणांचा अंदाज बांधा, आणि घरी संध्याकाळी कोण असतं हा एक प्रश्न वाढवा. निष्कर्षात 'संबंध आढळला' एवढंच लिहा, व्हायवात, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत, ते ठामपणे मांडता येईल. मुलांची नावं काढून फाइल पाठवलीत, तर दोन्ही बाजूंनी चालवून आउटपुट तुम्हाला पाठवतो.