डॅशबोर्डमागचा तो एक स्क्रू

गाडीच्या एसीचा ब्लोअर, म्हणजे हवा फेकणारा पंखा, फक्त चार नंबरवर चालतो, म्हणजे त्याचा वेग कमी-जास्त करणारा रेझिस्टर गेला. एवढं निदान मलाही जमतं. पार्ट हातात, दोनच स्क्रू, वीस मिनिटांचं काम! पण ते दोन स्क्रू ग्लोव्हबॉक्सच्या मागे अशा जागी, की पाय सीटवर, डोकं खाली आणि टॉर्च दातांत. दिसतं तेव्हा हात पोचत नाही, हात पोचतो तेव्हा दिसत नाही. त्यात एक स्क्रू निसटला. मॅटवर नाही, सीटखाली नाही, गडप! चुंबक फिरवला तर सापडलं काय? गेल्या वेळी हरवलेला दहा एमएमचा नट. (त्याची जागा कुठली, देव जाणे.) आणि त्या प्लॅस्टिकच्या क्लिपा! तुटायलाच जन्माला येतात मेल्या. आता ब्लोअर चारही नंबरांवर चालतो, आणि डॅशबोर्ड प्रत्येक खड्ड्याला कुरकुरतो.