फ्रेड रॉजर्सचं भलेपण पुरेसं सांगून झालं, आता त्याच्या कामाबद्दल बोलूया

अमेरिकन टीव्हीवर मुलांचा कार्यक्रम करणाऱ्या फ्रेड रॉजर्सचं, म्हणजे मिस्टर रॉजर्सचं, नाव निघालं की लाल स्वेटर, मऊ आवाज आणि मुलांवरची माया, एवढंच बोललं जातं. ते खरंच आहे. पण गोष्ट तिथेच संपवली की त्याची मेहनत झाकली जाते. मुलांसाठी गाणी आणि व्हिडिओ बनवणाऱ्यांनी शिकण्यासारखं जे आहे, ते त्या मेहनतीत आहे.

मुळात हा शिकलेला संगीतकार. १९२८ चा जन्म, गाव पेनसिल्व्हेनियातलं लॅट्रोब. १९५१ मध्ये फ्लोरिडाच्या रॉलिन्स कॉलेजातून संगीतरचनेची पदवी घेतली. थोडी वर्षं न्यूयॉर्कला एनबीसी या टीव्ही कंपनीत काढली आणि मग पिट्सबर्गच्या डब्ल्यूक्यूईडी या नव्या शैक्षणिक टीव्ही केंद्रात आला. तिथल्या ‘चिल्ड्रन्स कॉर्नर’ या मुलांच्या कार्यक्रमात पडद्यावर दिसायची जोसी केरी. रॉजर्स मागे राहून बाहुल्या चालवायचा, ऑर्गन वाजवायचा आणि तिच्या शब्दांना चाली लावायचा. ऑर्गनपासून बाहुल्यांपर्यंत धावताना बुटांचा आवाज होऊ नये म्हणून तो कापडी बूट घालायला लागला. पुढे त्याच्या स्वतःच्या कार्यक्रमाच्या सुरुवातीला बूट बदलण्याची जी सवय घराघरांत ओळखीची झाली, तिचं मूळ या अडचणीत आहे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला टोरांटोला सीबीसी या कॅनडाच्या प्रसारण संस्थेतल्या फ्रेड रेन्सबेरीने त्याला बाहुल्यांमागून काढून कॅमेऱ्यासमोर उभं केलं. १९६३ मध्ये तो प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचा पाद्री झाला, पण चर्चमध्ये प्रवचनं देण्याऐवजी टीव्हीवरचंच काम त्याने पुढे चालू ठेवलं. १९ फेब्रुवारी १९६८ ला ‘मिस्टर रॉजर्स नेबरहूड’ हा त्याचा कार्यक्रम अमेरिकेत देशभर दिसू लागला. सत्तरच्या दशकातला खंड सोडला तर तो २००१ पर्यंत चालला. सुमारे ९०० भाग झाले आणि २०० च्या आसपास गाणी त्याने स्वतः रचली.

या गाण्यांना साथ होती जॉनी कॉस्टाची, आणि हा पक्का जॅझ पियानोवादक होता. मुलांचा कार्यक्रम म्हणून वादन सोपं करायला त्याने नकार दिला आणि रॉजर्सलाही तेच हवं होतं. चित्रीकरण चालू असताना कॉस्टा आणि त्याचे साथीदार स्टुडिओतच बसून वाजवायचे. त्यामुळे रॉजर्स बूट घालताना रेंगाळला तर पियानोही त्याच्याबरोबर रेंगाळायचा. आज बरीच बालगीतं कीबोर्डच्या तयार ठेक्यावर बसवली जातात, आणि त्या ठेक्याला समोरच्या माणसासाठी थांबता येत नाही. मुलांना काय, काहीही चालतं, असं म्हणणाऱ्यांनी कॉस्टाचं वादन एकदा नीट ऐकावं.

गाण्यांचे विषय कुठून यायचे? मार्गारेट मॅकफार्लंड या बालमानसशास्त्रज्ञ बाईंकडे रॉजर्स अनेक वर्षं नियमित जायचा आणि संहितांवर चर्चा करायचा. एक उदाहरण बघा. टबातलं पाणी सोडल्यावर गरगरत भोकात जातं. आपणही त्याबरोबर वाहून जाऊ, असं लहान मुलाला मनापासून वाटतं, कारण आपण केवढे आणि ते भोक केवढं, याचा अंदाज त्याला अजून आलेला नसतो. रॉजर्सने त्यावर गाणं केलं. ‘घाबरू नकोस’ म्हणून तो मोकळा झाला नाही, कारण तसं म्हटल्याने भीती जात नाही, मूल ती फक्त लपवायला शिकतं. तू त्या भोकापेक्षा मोठा आहेस, तू आत जाऊच शकत नाहीस, असं त्याने समजेल अशा शब्दांत सांगितलं.

बोलण्यातही तीच काटेकोर नजर. त्याच्या दोन सहकाऱ्यांनी, काहीशा गमतीने, रॉजर्सच्या पद्धतीचं वाक्य कसं घडतं याच्या नऊ पायऱ्या लिहून काढल्या होत्या. सुरुवातीचं वाक्य असं: रस्त्यावर खेळणं धोक्याचं आहे. आधी नकारात्मक सूर काढायचा: सुरक्षित जागी खेळणं चांगलं. अशी जागा कुठली, हे मुलाला कसं कळणार? म्हणून: आई-बाबांना विचार. हा झाला हुकूम, मग: आई-बाबा सांगतील. सांगतीलच कशावरून? म्हणून: सांगू शकतात. आणि सगळ्याच मुलांना आई-बाबा असतात असं नाही, म्हणून: तुझी आवडती मोठी माणसं सांगू शकतात. शेवटी, ऐकणं हा मोठं होण्याचा भाग आहे, इथपर्यंत ते वाक्य पोचतं. मराठीत मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी आपली चार वाक्यं या चाळणीतून काढून पाहावीत. ‘शहाणी मुलं रडत नाहीत’ हे वाक्य पहिल्याच पायरीला अडकेल.

त्याच्या संथपणाला कंटाळवाणं म्हणणारे बरेच आहेत. मला ते पटत नाही. मुलाला बघायला, विचार करायला आणि मनातल्या मनात उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि दर काही सेकंदांनी चित्र बदललं की तो वेळच उरत नाही. एक मिनिट म्हणजे किती, हे दाखवायला त्याने स्वयंपाकघरातलं टायमर लावलं आणि मिनिटभर तो गप्प बसला. कार्यक्रमातल्या टाकीतल्या माशांना खायला घालताना मात्र तो तसं तोंडाने सांगायचा. एका अंध मुलीच्या घरून पत्र आलं होतं, की मासे उपाशी तर नाहीत ना, याची तिला काळजी वाटते.

हाच मऊ माणूस १ मे १९६९ ला अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या, उपसमितीपुढे बसला. सार्वजनिक टीव्हीला मिळणाऱ्या सरकारी पैशाला कात्री लागायची होती. सहाएक मिनिटं बोलताना त्याने रागाचं काय करायचं, या आपल्या गाण्याचे शब्द म्हणून दाखवले. अध्यक्ष जॉन पॅस्टोर कडक म्हणून ओळखले जायचे, पण २ कोटी डॉलर मिळाले असं समजा, असं ते तिथेच म्हणून गेले. पुढे व्हिडिओ रेकॉर्डरवर टीव्हीचे कार्यक्रम घरी टेप करणं कायदेशीर आहे का, यावर खटला झाला. आपला कार्यक्रम लोकांनी घरी टेप करून सोयीच्या वेळी कुटुंबासह पाहिला तर हरकत नाही, अशी साक्ष रॉजर्सने दिली, आणि १९८४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तिचा उल्लेख केला.