जामीनदार कोण राहणार?

आमच्या दहावीच्या बॅचमधल्या एकाला फसवणुकीच्या गुन्ह्यात अटक झाली. कोर्टाने जामीन मंजूर केला, पण एक सक्षम जामीनदार मागितला आणि तिथेच घोडं अडलं. ग्रुपवर तेव्हापासून एकच पालुपद: "जामीन राहिलो की मेलो." वर मला टोमणा, "तुमच्या अमेरिकेत बरंय, पैसे फेकले की माणूस बाहेर."

कसलं बरंय! इथे कॅलिफोर्नियात 50 हजार डॉलरचा जामीन ठरला, तर बेल बाँडवाला, म्हणजे फी घेऊन कोर्टाला आरोपीची हमी देणारा, साधारण 10 टक्के घेतो. आरोपी निर्दोष सुटला तरी ते 5 हजार गेलेच. 2020 मध्ये ही पद्धत मोडायचा कायदा मतदानाला आला, तर लोकांनीच तो पाडला. माझ्या एका सहकाऱ्याने भावासाठी मध्यरात्री पार्किंग लॉटमध्ये उभ्या उभ्या अशा बाँडवर फोनवरून सही केली. मेलो वगैरे काही म्हणाला नाही.

आपल्याकडे जामीनदाराला सहसा आधी छदाम भरावा लागत नाही. सातबारा नाहीतर घरपट्टीची पावती, आधार, कोर्टापुढे दोन मिनिटं उभं राहणं. आरोपी तारखांना आलाच नाही तर बंधपत्रातली रक्कम भरावी लागू शकते. लोकांच्या डोक्यात मात्र पतसंस्थेचं कर्ज बसलंय, जिथे कर्ज दुसऱ्याचं आणि पगार जामीनदाराचा कापला जातो. कोर्टाच्या जामिनात प्रश्न एवढाच, की हा तारखेला येईल का? बायको, पोरं, दुकान, सगळं त्याच गावात. त्याने पैसे खाल्ले असतील, नसतील. पळणारा तो नाही.

मग मीच लिहिलं, "वकिलाची फी मी देतो." उत्तर आलं, "पैसे आहेत रे, सातबारा हवाय."

तो माझ्याकडे नाही. वडिलांच्या जमिनीचं हक्कसोडपत्र दादाच्या नावे करून दिलं, तेव्हा मोठेपणा वाटला होता. 1978 च्या मोतीराम खटल्यात मॅजिस्ट्रेटने एका गवंड्याच्या भावाला जामीनदार म्हणून नाकारलं होतं, मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यावर चांगलेच ताशेरे ओढले. पण माझी मिळकत दुसऱ्या जिल्ह्यात नाही, दुसऱ्या खंडात आहे.

शेवटी दादाला फोन केला. तो म्हणाला, "राहीन. पण तो तारखेला गेला नाही तर नोटीस माझ्या दारात येईल, तुझ्या नाही." बरोबर आहे त्याचं. तरी रविवारी मी दादाला पुन्हा विचारणार आहे.